मुलांच्या दीर्घ आजारात मनाची विचारपूस करणारा कक्ष : १४ महिन्यांचा अनुभव

गेले १४ महिने आम्ही एका बालरुग्णालयातील मानसिक आरोग्य कक्षाची सेवा घेत आहोत. मधुमेह, दमा, अपस्मार, मूत्रपिंडाचे विकार, बालसंधिवात, थॅलसेमिया असे वर्षानुवर्षे सोबत राहणारे आजार असलेल्या मुलांसाठीच हा कक्ष चालवला जातो आणि तो याच आजारांच्या ओपीडीला लागून आहे. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. निदान झाले तेव्हा ती सात वर्षांची होती, कक्षात पहिल्यांदा गेलो तेव्हा नऊ वर्षांची आणि आता दहा पूर्ण झाली आहे. पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत, म्हणून रुग्णालयाचे नाव मी घेत नाही. शिवाय तिथे जे चांगले आहे ते मनावर घेतले तर कोणत्याही रुग्णालयाला करता येण्यासारखे आहे.

आम्ही तिथे पोहोचलो ते एका वहीमुळे. मुलीच्या रक्तातील साखरेचे आकडे रोज वहीत लिहायचे असा घरात शिरस्ता होता आणि आठव्या वर्षापासून ती ते स्वतःच लिहीत असे. त्या वेळी तिला सतत साखर मोजणारा सेन्सर लावलेला नव्हता, बोट टोचून ग्लुकोमीटरवर तपासणी होत असे. त्या तिमाहीतली वही पाहून मी समाधानी होतो : ११२, १२४, ११८, १०९, १३१. कुठे खाडाखोड नाही, अक्षर सुरेख. डॉक्टरांनी एचबीएवनसीचा अहवाल उघडला तर तो ९.४ होता. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देते, आणि वही खरी असती तर हा आकडा सहाच्या आसपास असायला हवा होता. मग मीटरची मेमरी पाहिली गेली. वहीत जिथे ११८ होते तिथे मीटरमध्ये २९४ निघाले. कितीतरी दिवशी दुपारची तपासणी झालेलीच नव्हती, वहीत मात्र आकडा होता. ओपीडीबाहेर येताच मी तिला जे बोललो त्यातला एकही शब्द इथे लिहावासा वाटत नाही. ती रडली नाही. खाली मान घालून तिने दप्तराची चेन उघडली, लावली आणि पुन्हा उघडली.

डॉक्टर आमच्या मागोमाग बाहेर आल्या. त्यांनी मला काही सुनावले नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “चल, तुला एका ताईंशी ओळख करून देते,” आणि स्वतः चालत आम्हाला शेजारच्या कक्षात घेऊन गेल्या. या सेवेचे पहिले श्रेय मी त्या वीस पावलांना देतो. आधीच्या दोन वर्षांत दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला समुपदेशनाची चिठ्ठी मिळाली होती. दुसरी इमारत, दुसरी तारीख, नव्याने केसपेपर, आणि पाटीवर ‘मानसोपचार’ हा शब्द. आपल्या मुलीला ‘तसले काही’ झालेले नाही असे मनाशी म्हणत आम्ही ती चिठ्ठी फाईलमध्ये ठेवून दिली. ती अजूनही तिथेच आहे. ज्या दिवशी शरीराची तपासणी, त्याच दिवशी, त्याच फाईलवर मनाची विचारपूस झाली तर घरच्यांच्या मनातला अडसर निम्म्याने कमी होतो. मुलालाही आपल्या डोक्यात बिघाड आहे म्हणून इथे आणले असे वाटत नाही.

पहिल्या भेटीत समुपदेशक ताई मुलीशी एकटीशी अर्धा तास बोलल्या आणि नंतर आम्हा दोघांना आत बोलावले. बोलण्याआधी त्यांनी मुलीला विचारले, “आईबाबांना यातले काय सांगू आणि काय नको?” तिने होकार दिला तेवढेच त्यांनी सांगितले. ज्या गोष्टीत जिवाला धोका आहे ती मात्र लपवली जाणार नाही, हेही तिला त्यांनी आधीच समजावले होते. मग त्या मला म्हणाल्या, “ती आकडे लपवत नव्हती, बाबा. आकडा ऐकल्यावर तुमचा चेहरा होतो तो तिला पाहवत नाही.” मी गप्प बसलो. माझी पत्नी म्हणाली, “माझाही होतो.”

त्या दिवशी आम्हाला मिळालेला गृहपाठ साधा होता. दोन आठवडे फक्त लक्ष ठेवायचे, की मुलगी समोर आल्यावर आपण तिला पहिला प्रश्न कोणता विचारतो. पहिल्याच संध्याकाळी उत्तर मिळाले. शाळेतून आली की मी विचारायचो, “किती आली?” दिवस कसा गेला, कोणाशी खेळलीस, हे नंतर, तेही आकडा चांगला असला तर. आमच्या घरात साखर मार्कांसारखी झाली होती. ‘आज चांगली आली’, ‘काल फारच वाईट’, ‘जरा लक्ष दिले असतेस तर’ ही सगळी भाषा प्रगतिपुस्तकाची होती. ताईंनी सांगितले की चांगली-वाईट हे शब्द आकड्यांसाठी वापरायचेच नाहीत. जास्त, कमी, मधली एवढेच म्हणायचे आणि लगेच पुढे काय करायचे ते ठरवायचे. साखर वर जायला वाढीची संप्रेरके, सर्दी-ताप, परीक्षेची धास्ती, इन्सुलिनच्या पेनची सुई एकाच जागी वारंवार टोचल्याने घट्ट झालेली त्वचा अशी कितीतरी कारणे असतात आणि त्यातल्या बहुतेकांवर नऊ वर्षांच्या मुलीचा काही ताबा नसतो. हे मला दोन वर्षांपासून माहीत होते, तरी माझ्या बोलण्यातून ते कधी डोकावले नव्हते.

कक्षातल्या कामाची पद्धत कळावी म्हणून दुसऱ्या भेटीतला एक प्रसंग सांगतो. ताई जमिनीवर बसल्या होत्या आणि समोर मोठ्या कागदावर माणसाची नुसती बाह्यरेषा काढलेली होती. “तुझा मधुमेह कुठे राहतो ते रंगव,” असे त्यांनी मुलीला सांगितले. स्वादुपिंड कुठे असते हे तिला ठाऊक आहे, त्यामुळे ती पोटावर रंग भरेल असे मला वाटले. तिने त्या आकृतीच्या पाठीवर एक दप्तर काढले आणि त्यातला छोटा कप्पा गर्द जांभळा रंगवला. मीटर, पेन आणि ग्लुकोजच्या गोळ्या तिथे असतात. सहलीला, खेळाच्या तासाला, मैत्रिणीच्या घरी, सगळीकडे तो कप्पा सोबत न्यायचा आणि मुलांसमोर उघडायचा, हा तिचा मधुमेह होता. सुईचे दुखणे त्या यादीत बरेच खाली होते. आम्ही दोन वर्षे सुईचीच समजूत काढत बसलो होतो. त्याच कागदावरून बोलता बोलता ती आणखी एक गोष्ट बोलून गेली. लहान असताना ती भावाशी खोटे बोलली होती आणि त्याच आठवड्यात आजार निघाला, म्हणून हा आजार त्याची शिक्षा असावा असे तिच्या मनात होते. आजार म्हणजे आपल्या वागण्याची शिक्षा, अशी समजूत लहान मुलांमध्ये वारंवार आढळते, हे मी नंतर वाचले. तिला मात्र आम्ही कधी विचारलेच नव्हते, कारण आमच्या लेखी कारण स्पष्ट होते : शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते आणि त्यात मुलाचा किंवा आईवडिलांचा काहीच दोष नसतो. ही दुसरी ओळ तिला मोठ्याने, समोर बसून, कोणीतरी सांगायला हवी होती.

कक्षात प्रश्नावल्या भरून घेतात आणि त्याबद्दल मी सुरुवातीला साशंक होतो. मन असे खुणा करून कळते का, असे वाटायचे. मुख्य प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांनी विकसित केलेली, मुलांच्या जीवनमानाविषयीची पेड्सक्यूएल ही होती. त्यात २३ प्रश्न असतात, शरीर, भावना, मित्रमंडळी आणि शाळा अशा चार भागांत, आणि गेल्या महिनाभरात या गोष्टीचा कितपत त्रास झाला एवढेच विचारलेले असते. मूल आपली प्रत भरते आणि पालक मुलाच्या वतीने दुसरी भरतात. तिचा खरा उपयोग दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर होतो. आम्ही शाळेच्या भागात बराच त्रास नोंदवला होता, कारण गुण घसरले होते. तिने शाळेच्या भागात जवळपास काहीच नोंदवले नव्हते. मित्रमंडळींच्या भागात, ‘इतर मुले माझ्याशी मैत्री करू इच्छित नाहीत’ अशा अर्थाच्या ओळीपुढे मात्र तिची खूण शेवटच्या टोकाला होती. या एका खुणेमुळे पुढच्या तीन भेटींची दिशा ठरली.

मदतनिसांकडून एकदा चूक झाली तीही सांगून टाकतो. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची मुलांच्या भावना आणि वागण्याविषयीची २५ विधानांची प्रश्नावली अनेक ठिकाणी वापरली जाते. तिची मुलाने स्वतः भरायची प्रत ११ वर्षांपुढील मुलांसाठी आहे, त्याहून लहान मुलांसाठी पालक किंवा शिक्षक भरतात. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात ती स्वतः भरायची प्रत दिली गेली. तिला अर्धी वाक्ये कळली नाहीत आणि ‘मला उत्तर येत नाही’ म्हणून ती रडवेली झाली. ताईंनी लगेच ती प्रत बाजूला ठेवली आणि माफी मागितली, पण वय बघून कागद देणे ही अगदी पहिली पायरी आहे.

आमच्या रोजच्या जगण्यात सर्वांत मोठा फरक पडला तो एका वेगळ्याच ठिकाणी. मुलीला संध्याकाळच्या वेळी छातीत धडधड, हाताला कंप, घाम आणि ‘काहीतरी होणार आहे’ अशी भीती वाटू लागली होती. साखर कमी झाल्यावर हीच लक्षणे दिसतात आणि घाबरल्यावरही हीच दिसतात. त्यामुळे आम्ही दर वेळी धावपळ करून ग्लुकोज देत होतो, साखर वर जायची, मग इन्सुलिन, मग पुन्हा खाली जाण्याची धास्ती. एकदा रात्री झोपेत साखर बरीच खाली गेली होती, आणि त्यानंतर हे सुरू झाले होते. ताई आणि मधुमेहाच्या परिचारिका यांनी एकत्र बसून आम्हाला एक क्रम शिकवला. आधी मोजायचे. आकडा ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे. आकडा वर असेल तर ही भीती आहे हे तिला तिच्याच भाषेत सांगायचे, पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास सोडायला लावायचे, आणि भीती लाटेसारखी चढते तशी उतरते हे तिला स्वतः अनुभवू द्यायचे. तिने या दोन अवस्थांना नावे दिली. साखर कमी झाली की ‘खरी घंटा’ आणि भीती वाटली की ‘खोटी घंटा’. तिसऱ्या महिन्यात ती एकदा स्वयंपाकघरात आली, बोट टोचले, १४३ पाहिले आणि “खोटी घंटा आहे” असे म्हणून भिंतीला टेकून बसून राहिली. मी शेजारी बसलो. दहाएक मिनिटांत ती उठून गेली. हे काम नुसत्या मानसतज्ज्ञाला जमले नसते आणि नुसत्या मधुमेहतज्ज्ञालाही जमले नसते, म्हणून हा कक्ष ओपीडीला लागून असण्याला मी इतके महत्त्व देतो.

सेन्सर लावायची वेळ आली तेव्हाही या लोकांची समज दिसली. “काही दुखणार नाही” हे वाक्य तिथे कोणी वापरत नाही. दुखले तर मुलाचा पुढच्या वेळचा विश्वास जातो, हे ते पक्के धरून आहेत. त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावून ठेवले होते, कारण त्याला तेवढा वेळ लागतो. किती सेकंद लागतील, कसा आवाज येईल, नेमके काय जाणवेल हे आधी सांगितले आणि नमुन्याचा सेन्सर तिच्या हातात देऊन बाहुलीला लावू दिला. पर्यायही खरे दिले. ‘लावायचा का?’ असे विचारले नाही, कारण नाही म्हणण्याची मुभा नव्हती. कोणत्या हातावर, तू मोजणार की मी, डोळे उघडे की मिटून, हे तिने ठरवले. पालकांनी ही रीत उचलावी अशी आहे. आम्ही आता रक्त काढताना, दात दाखवताना, सगळीकडे असेच विचारतो.

महिन्यातून एकदा ८ ते १२ वर्षांच्या मुलांचा गट भरतो. त्यात आजार वेगवेगळे असतात, आणि मला ते योग्य वाटते, कारण साखरेच्या आकड्यांची तुलना तिथे होऊ शकत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येणारा एक मुलगा तिथे आहे, संधिवाताने सकाळी बोटे आखडणारी एक मुलगी आहे, आणि शाळेत फिट आल्यानंतर वर्गात पाऊल टाकायला तयार नसलेला एक मुलगा होता. एका सत्रात त्यांनी ‘तुला काय झालंय?’ या प्रश्नाची तीन उत्तरे तयार केली. अनोळखी माणसासाठी एका ओळीचे, वर्गातल्या मुलांसाठी तीन ओळींचे, आणि जिवलग मैत्रिणीसाठी हवे तेवढे लांब. कोणाला कोणते द्यायचे हे मुलानेच ठरवायचे, आणि ‘मला आत्ता बोलायचं नाही’ हेही पूर्ण उत्तर धरायचे. माझ्या मुलीची एक ओळ अशी आहे : “माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही म्हणून मी ते बाहेरून घेते, आणि हा आजार तुला लागणार नाही.” शेवटचा भाग तिने स्वतः जोडला. वर्गात एका मुलीने तिच्याजवळ बसायला नकार दिला होता, हे आम्हाला त्या ओळीमुळे कळले. पुढे ताईंनी वर्गशिक्षिकांसाठी एक पानी पत्र दिले. त्यात आजाराची माहिती थोडी होती आणि काय करू नये हे जास्त : सर्वांसमोर आकडा विचारू नये, खेळाच्या तासातून वगळू नये, तपासणीसाठी तिला वर्गाबाहेर पाठवायचे की जागेवर करू द्यायचे हे तिला विचारावे.

गटाबाहेर वाट पाहताना पालक आपापसांत बोलतात. दम्याच्या एका मुलाची आई सांगत होती की मुलगा महिनाभर चिडचिडा झाला होता आणि झोपेत दचकून उठत होता. कक्षातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाशी बोलण्याआधी औषधांची यादी मागितली आणि मॉन्टेलुकास्टवर बोट ठेवले. या औषधामुळे काही मुलांच्या मनःस्थितीत व झोपेत बदल होऊ शकतात आणि त्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये आपला सर्वांत ठळक इशारा वेष्टनावर छापायला लावला. दम्याच्या डॉक्टरांशी बोलून औषध बदलले गेले. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांची मनःस्थितीही अशी बदलते, आणि अपस्मारात वापरले जाणारे लेव्हेटिरासेटाम काही मुलांना चिडखोर करते. मुलाचे वागणे बदलले की घरात त्याचा दोष हट्टाला किंवा लाडाला दिला जातो. आधी औषधे तपासा, असे म्हणणारा कोणीतरी त्या दाराआड बसलेला आहे ही मोठी गोष्ट आहे. पालकांनी मात्र असे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, हेही त्या आईला तिथे दोनदा बजावले होते.

एका भेटीचा उल्लेख टाळता येणार नाही. पाचव्या महिन्यात मुलगी घरी म्हणाली, “मला हे काहीच नको, मी नसले तर बरं.” आम्ही हादरलो आणि तिला काही विचारायचे धाडस आम्हाला झाले नाही, कारण विचारले तर नको तो विचार तिच्या डोक्यात जाईल असे वाटले. ताईंनी तिला सरळ, शांत आवाजात, तिच्या वयाच्या शब्दांत विचारले : मरून जावे असे वाटते का, तसे काही करावे असे वाटले का. थेट विचारल्याने मुलाच्या मनात असा विचार रुजत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते, हे आम्हाला त्यांनी समजावले. तिला मरायचे नव्हते. तिला एक दिवस, फक्त एक दिवस, मधुमेह नसलेला हवा होता. त्या दिवशी पुढे काय करायचे हे लिहून ठरले : असे वाक्य पुन्हा आले तर कोणाला फोन करायचा, रात्री कुठे जायचे, आणि तोवर इन्सुलिनचे पेन कोणाच्या ताब्यात राहील. कागद अजून आमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

या सगळ्यात माझे स्वतःचे काय, असे मला कोणी कधी विचारले नव्हते. चौथ्या पालकभेटीत ताईंनी विचारले, “तुम्ही शेवटचे सलग कधी झोपलात?” मला आठवेना. सेन्सर आल्यापासून रात्री त्याचा अलार्म वाजतो, आणि वाजला नाही तरी मी उठून बघतो. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या व पचनाच्या आनुवंशिक आजाराच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १२ वर्षांपुढील रुग्णांची नैराश्य आणि चिंतेसाठी दरवर्षी तपासणी करावी अशी शिफारस केली आहे, आणि मुलांच्या पालकांनाही ती तपासणी दरवर्षी देऊ करावी असे त्यात आहे. इतर आजारांच्या बाबतीतही असे का होऊ नये हे मला समजत नाही. आमच्या कक्षाने ते आपणहून केले. पत्नीने आणि मी रात्री वाटून घेतल्या आहेत. ज्या रात्री माझी पाळी नसते त्या रात्री माझा फोन दुसऱ्या खोलीत असतो. पहिले दोन आठवडे मी तरीही जागाच होतो.

आता तक्रारी. सर्वांत मोठी अशी की सातव्या महिन्यात आमच्या ताई बदलून गेल्या आणि ते आम्हाला त्या दिवशी दारात कळले. मुलगी आत गेली, अनोळखी चेहरा पाहून बाहेर आली आणि परत आत जायला तयार झाली नाही. पुढचे दोन महिने ती एक शब्द बोलली नाही. नव्या ताई अतिशय चांगल्या आहेत आणि त्यांनी ते दोन महिने नुसते चित्र काढत काढले, जबरदस्ती केली नाही. तरी ज्या मुलांच्या आयुष्यात वार्डातल्या परिचारिका, रक्त काढणारे, निवासी डॉक्टर सतत बदलत असतात, त्यांच्यासाठी मनातले बोलायचे माणूस असे न सांगता बदलणे ही हेळसांड आहे. एक निरोपाची भेट आणि एक ओळखीची भेट, दोन्ही ताईंसोबत, एवढे सहज जमले असते. मी लेखी कळवले आणि आता तसा नियम केला आहे असे उत्तर आले.

दुसरी तक्रार नोंदणीच्या खिडकीची. तिथे मुलाचे नाव आणि ‘काउन्सेलिंगला का?’ हे दोन्ही मोठ्याने विचारले जाते आणि मागे रांग असते. आत इतकी जपणूक आणि बाहेर ही तऱ्हा. तिसरी, भेटी फक्त शाळेच्या वेळेत मिळतात. आजारामुळे आधीच शाळा बुडते, तीत ही भर.

आणि चौथी आमच्या थोरल्या मुलाची. तो १३ वर्षांचा आहे. तीन वर्षे घरातले सगळे बोलणे बहिणीच्या साखरेभोवती फिरते आहे आणि तो शहाण्यासारखा गप्प आहे. कक्षात भावंडांसाठी काहीच नव्हते. आम्ही विचारले तेव्हा “त्याला काही त्रास आहे का?” असा उलट प्रश्न आला. आता भावंडांचे एक सत्र सुरू होणार आहे. आम्ही त्याचा फॉर्म भरला आहे, त्याने सही केलेली नाही, आणि सही न करण्याचा त्याचा हक्क आम्ही मान्य केला आहे.

साखरेचे काय झाले, असे विचारणारे पालक असतील. एचबीएवनसी ९.४ वरून ७.८ वर आला आहे. त्यात सेन्सरचा वाटा किती आणि कक्षाचा किती हे वेगळे काढता येणार नाही. कक्षातल्या लोकांनी तर तो आकडा आम्हाला एकदाही विचारला नाही, तो शेजारच्या खोलीचा विषय असे ते मानतात. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याआधी या आजाराचे मूल जगेल का एवढाच प्रश्न असायचा. मूल जगू लागल्यावर ते कसे जगते आहे हे नियमाने विचारायला मात्र पुष्कळ वेळ लागला. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आता सात-आठ वर्षे वयापासून मधुमेहामुळे येणाऱ्या मानसिक ताणाची विचारपूस करावी, १० ते १२ या वयात खाण्याविषयीच्या व शरीराविषयीच्या अस्वस्थतेकडे लक्ष द्यायला सुरुवात करावी, आणि १२ पासून मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायला वेळ द्यावा असे म्हटले आहे. आमच्या रुग्णालयात हे तिन्ही होते. आजाराचे निदान झाले त्याच आठवड्यात ते सुरू झाले असते तर आमची दोन वर्षे वाचली असती.

ज्यांना अशा कक्षात जायचे आहे त्यांना माझे सांगणे एवढेच की मूल बिघडण्याची वाट पाहू नका, शाळेतली नाराजी किंवा वहीतले फार सुबक आकडेही पुरेसे कारण आहे. नाव नोंदवताना तीन गोष्टी विचारून घ्या : मुलाला प्रत्येक वेळी तीच व्यक्ती भेटेल का, शारीरिक उपचार करणारे डॉक्टर आणि ही मंडळी एकमेकांशी बोलतात का, आणि भावंडांसाठी काही आहे का. सर्व औषधांची यादी सोबत न्या. मुलाला आदल्या दिवशी खरे कारण सांगा, ‘नुसते गप्पा मारायला’ असे सांगून नेऊ नका, कारण दारावरची पाटी त्यालाही वाचता येते. पहिल्या भेटीत मूल बोलले नाही तर घरी जाताना वाटेत काही विचारू नका. आमची मुलगी नव्या ताईंशी पहिल्यांदा बोलली ती चौथ्या भेटीत, तेही ताईंच्या हातातल्या खडूचा रंग चुकला आहे हे सांगण्यासाठी.